मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे मूल्यमापन कोण करते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या स्वयंसेवी संस्थेचा कारभार बिघडल्याची बातमी आली की सगळा दोष मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर ठेवला जातो, नाहीतर ‘विश्वस्त झोपले होते काय?’ असे विचारले जाते. त्या दोघांमधले कामाचे नाते आधीची कित्येक वर्षे कसे चालले होते, हे मात्र सहसा कोणी तपासत नाही. विश्वस्त म्हणून काम करताना माझे असे मत झाले आहे की स्वभाव जुळण्याशी या नात्याचा फारसा संबंध नाही. दोघांमध्ये नेमके काय ठरले आहे आणि वाईट बातमी मंडळापर्यंत किती लवकर पोहोचते, यावर ते अवलंबून असते.

या नात्यात मुळातच एक पेच आहे. विश्वस्त बहुधा विनावेतन काम करतात आणि अधूनमधून बैठकीपुरते भेटतात, पण अंतिम जबाबदारी त्यांचीच असते. अधिकारी मात्र पूर्णवेळ संस्थेत असतो; देणगीदार आणि कर्मचारी त्याला जवळून ओळखतात आणि मंडळाला जे कळते त्यातले बहुतेक त्याच्याच तोंडून कळते. ज्याच्यावर देखरेख ठेवायची, माहितीसाठी त्याच्यावरच विसंबायचे, अशी ही स्थिती आहे.

ब्रिटनमधील ‘किड्स कंपनी’ या बालकल्याण संस्थेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1996 मध्ये स्थापन झालेली ही संस्था ऑगस्ट 2015 मध्ये बंद पडली, आणि शेवटपर्यंत तिची धुरा संस्थापिकेकडेच होती. मंडळाचे अध्यक्षपदही 2003 पासून एकाच व्यक्तीकडे होते. दारात आलेल्या कोणत्याही मुलाला परत पाठवायचे नाही, हे संस्थेचे ब्रीद होते. त्यामुळे खर्च वाढत गेला आणि राखीव निधी मात्र तुटपुंजाच राहिला. संसदीय समितीने 2016 मध्ये विश्वस्तांवर कडक टीका केली. पुढे 2021 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवण्यास नकार दिला, ही गोष्ट टीकाकार अनेकदा विसरतात. विश्वस्त अप्रामाणिक नव्हते. तरीही इतक्या प्रभावी संस्थापिकेला ‘एवढ्या पैशांत एवढेच काम’ असे सांगणे मंडळाला जमले नाही, असे त्या प्रकरणाकडे पाहताना मला वाटते. अमेरिकेतील ‘युनायटेड वे’ या धर्मादाय निधी उभारणाऱ्या संस्थेच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रकरण याहून निराळे आहे. तेथे दोन दशकांहून अधिक काळ प्रमुखपदी असलेल्या अधिकाऱ्याला 1992 मध्ये पद सोडावे लागले आणि 1995 मध्ये तो फसवणुकीत दोषी ठरला. कर्तबगार माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, हा समज अशा प्रकरणांत फार महागात पडतो.

याच्या उलट टोकाची मंडळेही असतात, आणि त्यांच्याबद्दल कमी बोलले जाते. एखादा विश्वस्त परस्पर कर्मचाऱ्यांना सूचना देतो, दुसरा खरेदीच्या पावत्या मागवतो, आणि एका माणसाला चार-पाच वरिष्ठ होऊन बसतात. अमेरिकेतील जॉन कार्व्हर यांनी मांडलेल्या कारभारपद्धतीत यावर स्पष्ट नियम आहे : मंडळ एकमुखाने बोलेल, आणि एकट्यादुकट्या सदस्याला अधिकाऱ्यावर कोणताही अधिकार नसेल. ही पद्धत जशीच्या तशी राबवणे लहान संस्थांना जड जाते, हे खरे. कारण तेथे विश्वस्तच कधी हिशेब लिहितात, तर कधी कार्यक्रमाच्या खुर्च्याही मांडतात. पण खुर्च्या मांडताना तो स्वयंसेवक असतो आणि बैठकीत विश्वस्त, एवढा भेद पाळला तरी बराचसा ताप टळतो.

अध्यक्षाची भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन बैठकांच्या मधल्या काळात अध्यक्ष आणि अधिकारी यांनी ठरवून, विषयपत्रिकेविना भेटावे, आणि त्या भेटीत अडचणी आधी निघाव्यात. मोठा देणगीदार मागे हटतो आहे, हे अधिकाऱ्याने ताळेबंद येईपर्यंत दाबून ठेवले, तर त्यात बहुधा मंडळाचाही वाटा असतो, कारण आधीच्या वेळी असे सांगणाऱ्यावर ते तुटून पडलेले असते. अधिकाऱ्याला बाहेर बसवून थोडा वेळ चर्चा करण्याची प्रथाही उपयोगी आहे. मात्र ती प्रत्येक बैठकीत असावी आणि तेथे काय ठरले ते अध्यक्षांनी त्याच दिवशी त्याला सांगावे. एरवी न होणारी अशी चर्चा अचानक झाली की कोणाच्याही मनात धडकी भरते.

वार्षिक मूल्यमापनाकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. वर्षाच्या सुरुवातीला चार-पाच अपेक्षा लेखी ठरवाव्यात, वर्षाअखेरीस त्यांवरच बोलावे, आणि त्याच बैठकीत मंडळानेही आपली हजेरी, निधी उभारण्यातले योगदान आणि कार्यकाळाची मर्यादा तपासावी. इंग्लंड-वेल्सच्या धर्मादाय संस्थांसाठी 2017 साली आलेल्या कारभारसंहितेत नऊ वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या विश्वस्ताबाबत कठोर फेरविचार अपेक्षित होता. अध्यक्षच दहा-बारा वर्षे हलत नसेल, तर त्याने अधिकाऱ्याच्या कामगिरीचे मोजमाप कोणत्या तोंडाने करावे?

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. संस्थांच्या वार्षिक अहवालांवर लिहिताना लाभार्थींच्या संख्येबरोबरच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे शेवटचे लेखी मूल्यमापन कधी झाले आणि अध्यक्ष किती वर्षे त्या पदावर आहेत, हेही त्यांनी विचारावे.

आपला विश्वासू,
एक विश्वस्त