'योग्य उमेदवार आढळला नाही' या शेऱ्याबद्दल शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या विद्यापीठाने अर्थशास्त्राच्या प्राध्यापकपदाचा निकाल जाहीर केला. अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या त्या एकमेव जागेपुढे 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा आहे. मुलाखतीला आम्ही चौघे होतो आणि चौघेही पीएच.डी. होतो. माझ्या अध्यापनाला २३ वर्षे झाली असून माझ्या मार्गदर्शनाखाली सहा जणांनी पीएच.डी. मिळवली आहे. त्यांतले दोघे आज याच विद्यापीठात शिकवतात, म्हणजे मी घडवलेले योग्य ठरले आणि मी तेवढी ठरले नाही.

मुलाखत नऊ मिनिटांत आटोपली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक शोधनिबंधाला रंगीत चिठ्ठी लावून मी फाइल नेली होती. ती कोणी उघडली नाही. एका तज्ज्ञांनी तिच्यावर चहाचा कप मात्र ठेवला. पहिला प्रश्न होता, 'मॅडम, आपले संशोधन आपल्या समाजावरच असेल ना?' माझे संशोधन सहकारी बँकांच्या थकीत कर्जांवर आहे. बाहेर आल्यावर एक सहकारी हसून म्हणाले, 'तुम्हाला काय काळजी, तुमची जागा तर राखीवच!' राखीव आहे खरी, पण ती रिकामी राहण्यासाठीच असावी, असे आता वाटू लागले आहे.

माझ्या मोजणीप्रमाणे दहा वर्षांत मी ३१ समित्यांवर काम केले. वसतिगृह, रॅगिंगविरोधी समिती, अनुसूचित जाती-जमाती कक्ष, आणि महाविद्यालये-विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली की छायाचित्रात मधोमध उभे राहणे. शिष्यवृत्ती अडकलेली मुलगी रात्री अकरा वाजता रडत फोन करते तो मलाच. त्याचे गुण कोणत्या रकान्यात भरायचे, हे मात्र विनियमांत नाही.

केंद्रीय संस्थांसाठी २०१९मध्ये कायदा झाला आणि राखीव जागा विभागानुसार न मोजता संपूर्ण संस्था एकक धरून मोजायचे ठरले. ते योग्यच झाले, कारण दोन-तीन पदांच्या विभागात राखीव बिंदू, म्हणजे ठरलेल्या क्रमातली राखीव जागेची पाळी, येईपर्यंत माणूस निवृत्त होतो. पण जागा मोजल्या म्हणून भरल्या जात नाहीत, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या संस्थांना तर त्याच कायद्याने सूट दिली. पुढे यूजीसीच्या एका मसुद्यात राखीव जागा अनारक्षित करण्याची वाटही निघाली. जानेवारी २०२४मध्ये ओरड झाल्यावर मंत्रालयाला खुलासा करावा लागला. निम्म्याअधिक राखीव जागा रिकाम्या आहेत असे आम्ही आपसांत म्हणतो. आकडा चुकत असेल तर खरा आकडा आपण छापावा.

हे केवळ आपल्याकडचे नाही, हे मी जाणते. निकोल हॅना-जोन्स या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेला २०२०मध्ये पुलित्झर मिळाले. तरी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विश्वस्तांनी तिच्या कायम नेमणुकीचा निर्णय लांबवला आणि तिच्यापुढे पाच वर्षांचा करार ठेवला. त्याच अध्यासनावरच्या आधीच्या प्राध्यापकांना कायम पद मिळाले होते. गदारोळानंतर जून २०२१मध्ये नऊ विरुद्ध चार मतांनी ते देऊ केले, तेव्हा ते नाकारून ती कृष्णवर्णीयांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॉवर्ड विद्यापीठात गेली. मी कुठे जाऊ? बाबासाहेब १९१८मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात शिकवू लागले, तेव्हा त्यांनी सहप्राध्यापकांच्या भांड्यातले पाणी पिण्यावर हरकत घेतली गेली होती. आज माझ्या फाइलीवर कप ठेवायला कोणाची हरकत नसते, याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणावे.

मागणे फार नाही. मुलाखतीचे चित्रीकरण व्हावे, प्रत्येक सदस्याने दिलेले गुण उमेदवाराला मिळावेत, आणि हा शेरा मारायचा असेल तर कोणत्या निकषावर कोण कमी पडले याची कारणे समितीने सहीनिशी लिहावीत. ही जागा सहा महिन्यांत पुन्हा जाहीर व्हावी. माझ्या निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत.

ता. क. याच विद्यापीठाने येत्या १४ एप्रिलला 'संधीची समानता' या विषयावर बोलण्यासाठी मला प्रमुख वक्त्या म्हणून बोलावले आहे. त्या पत्रात माझा उल्लेख 'नामवंत अर्थतज्ज्ञ' असा आहे.

आपली,
एक सहयोगी प्राध्यापिका