उद्या ताईकडे जा

सोन्या,

आज पाडव्याचं सकाळी तू निघालास तेव्हा घाईत होतास म्हणून बोललो नाही, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून टाइप करतोय. ताईला जीपे करतो म्हणालास, ऑफिसात रिलीज आहे, यंदा भाऊबीजेला जमणार नाही. अरे बाणेरहून चिंचवडला बाइकवर जायला असा किती वेळ लागतो.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. 1996 ची दिवाळी, मी सातपूरला कंपनीत नवीन लागलो होतो, भाऊबीजेला ओव्हरटाइम होता, डबल पैसे मिळणार म्हणून मी हो म्हटलं आणि तुझ्या आत्याला 51 रुपयांची मनीऑर्डर केली. नाशिकहून संगमनेर जेमतेम 70 किलोमीटर, तरी गेलो नाही. मला वाटलं पैसे पाठवले म्हणजे झालं.

नंतर महिन्याभराने गेलो तेव्हा तिच्या सासूबाईंकडून कळलं. आत्याने सकाळीच पाट मांडला होता, भोवती रांगोळी, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि तिच्या लग्नातली अंगठी. येईल तो म्हणत दुपारी जेवली नाही. मनीऑर्डर तर दोन दिवसांनी पोचली. संध्याकाळी तेच तबक घेऊन ती अंगणात गेली, बीजेची कोर फार वेळ नसते रे, दिवस मावळला की तास दीड तासात जाते, ती जायच्या आत तिने चांदोबाला ओवाळलं आणि मग जेवायला बसली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. हिचा भाऊ होता की, सातपूरला मशीनवर उभा होता.

तिने मला आजपर्यंत एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. पण त्यानंतर मी एकही भाऊबीज चुकवली नाही, 2020 ला कोरोनात मास्क लावून गेलो, दारातच ओवाळून घेतलं.

आजी सांगायची, यमाला तरी कुठे सुट्टी असते, पण कार्तिकातल्या या द्वितीयेला तो पण यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून तर हिला यमद्वितीया म्हणतात. त्याने काही कुणाच्या हाती ओवाळणी पाठवून दिली नाही. राखीला ताई तुझ्याकडे आली होती ना, लहान लेकराला घेऊन, पावसात. आता तू जायचं, तिच्या घरी पाटावर बसायचं, तिच्या हातचं जेवायचं. पैसे काय, तबकात किती टाकतोस ते ती बघणार पण नाही.

मी उद्या पहिल्या एसटीने संगमनेरला चाललोय. आत्याला गुडघ्याचा त्रास आहे, खाली वाकता येत नाही, म्हणून हल्ली मीच रांगोळी काढतो, वेडीवाकडी येते पण तिला चालते.

तुझी टोपी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलीय, ओवाळून घेताना डोकं उघडं नको. ऑफिस सुटायला नऊ वाजले तरी जा. फक्त दुपारीच ताईला फोन कर आणि येतोय म्हणून सांग, म्हणजे ती दिवसभर उपाशी बसणार नाही.

बाबा