आठवडाभर घरचा कचरा वजन करून बघितला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कचऱ्याची बातमी आली की त्यात टन असतात, एवढे टन उचलला, एवढे टन पडून राहिला. मला हे टन कधी नीट कळलेच नाहीत, म्हणून गेल्या महिन्यात सासूबाईंचा जुना ताणकाटा माळ्यावरनं काढला आणि घंटागाडी यायच्या आधी सलग सात दिवस घरचा कचरा त्याला टांगून वजन केला. शेजारच्या वहिनी गॅलरीतनं हसत होत्या, हसू देत.

आम्ही घरात चौघं. आठवड्याचे भरले 11 किलो 300 ग्रॅम, म्हणजे माणशी रोजचे साधारण 400 ग्रॅम. आपल्याकडे शहरात माणशी 200 ते 600 ग्रॅम धरतात, त्यात आम्ही बरोबर मधे. पण खरी गंमत पुढंच आहे. त्यातला 8 किलोच्या वर नुसता ओला, देठं, साली, चहाचा चोथा, शिळी भाकरी आणि रविवारची हाडं, आणि तो एकटा रविवार बुधवारच्या दुप्पट भरला (मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा काय फुकट होत नाही). दुधाच्या पिशव्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, पार्सलचे डबे असलं सगळं प्लॅस्टिक मिळून फक्त 700 ग्रॅम, पण बादली मात्र त्यानंच आधी भरायची. म्हणजे डोळ्याला दिसतं प्लॅस्टिक, काट्यावर बसतं ते ओलं! आपण ओरडतो प्लॅस्टिकच्या नावानं आणि गाडीचं डिझेल जळतंय पाणी वाहून न्यायला, कारण ओल्या कचऱ्यात निम्म्याच्या वर पाणीच असतं.

2011 च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर शहराची वस्ती साडेपाच लाखाच्या आसपास होती. सगळी घरं आमच्यासारखी धरली तर रोजचे 220 टन होतात.

आणि शहर म्हणजे काय नुसती घरं नव्हेत. कपिलतीर्थ मंडईत संध्याकाळी जाऊन बघा, पाला आणि सडका टोमॅटो. अंबाबाईच्या देवळाभोवती हार, वेण्या आणि ओटीचं सामान, ते फूल म्हणून ओलं पण त्याला दोरा प्लॅस्टिकचा. महाद्वार रोडला खोकी, पुठ्ठा, कपड्यांच्या पिशव्या. मंगल कार्यालयात एका दुपारच्या पंगतीचं उष्टं. दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणारे हे नियमात मोठे उत्पादक ठरतात आणि ओल्याची सोय त्यांनी जमेल तितकी आपल्याच आवारात लावायची असते, पण आमच्या भागातल्या एका कार्यालयाचं उष्टं मी स्वतः रात्री बारानंतर कोपऱ्यावरच्या कोंडाळ्यात ओतताना बघितलंय. घर पाडलेल्याचा राडारोडा हा अजून वेगळा प्रकार, त्याला 2016 पासून स्वतंत्र नियम आहेत तरी तो जातो ओढ्याच्या काठाला. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतली, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्यांची, काळी वाळू तर घरच्या कचऱ्यात धरायचीच नाही, तो कारखान्यांचा हिशोब. आणि 2019 च्या पुरानंतरचं आठवतंय ना, भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, फ्रिज, गल्लीच्या गल्ली भरलेल्या, वर्षाची सरासरी काढणाऱ्यानं त्या दिवसांचं काय करायचं?

आता गुजरी बघा, आपली सराफांची गल्ली. तिथली गटारीतली माती झारेकरी गोळा करून नेतात, धुऊन त्यातनं सोन्याचे कण काढतात. हे जमतं कारण ती माती कुठल्या गल्लीतली आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं. आमचा पुठ्ठा आमटीत भिजला की भंगारवाला हात लावत नाही, तोच कोरडा दिला तर किलोवर पैसे देतो. सगळं एकत्र होऊन ढिगाला गेलं की आत हवा न लागता कुजतं, मिथेन होतो, मग उन्हाळ्यात ढीग पेटला म्हणून परत बातमी.

म्हणून माझी पेपरवाल्यांना एकच विनंती, नुसते एकूण टन छापू नका. ओला किती, सुका किती, राडारोडा किती, मंडईतला किती, हॉटेल-कार्यालयांचा किती आणि कुठल्या प्रभागातला किती हे महापालिकेकडनं मागून घ्या आणि महिन्यातनं एकदा छापा. सोनं-चांदीचे दर छापता तेवढ्याच जागेत बसेल.

आपली वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता.क. आठव्या दिवशी सासूबाईंनी कपाट आवरलं, त्यात मुदत संपलेल्या गोळ्या, दोन सेल आणि एक फुटकी ट्यूब निघाली. घंटागाडीवाल्या दादांना विचारलं हे कशात टाकू, ते म्हणाले वैनी, टाका कशातबी. ती पिशवी अजून माळ्यावरच आहे, काट्याशेजारी.