चिनाराचे वेळापत्रक आणि आपल्या सुट्ट्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव आटोपला की बेळगावात काश्मीर सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. अलीकडे त्यांत तांबड्या-केशरी चिनाराचे छायाचित्र हमखास असते आणि त्याखालच्या तारखा बहुधा दसऱ्याच्या सुट्टीतल्या असतात. या दोहोंचा मेळ बसत नाही, एवढे वाचकांच्या नजरेस आणून द्यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. श्रीनगरच्या चिनारांचा रंग साधारणपणे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चढू लागतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो ऐन भरात असतो. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात गेलेल्या कुटुंबाला निशात आणि शालिमार बागा सुंदरच दिसतील, पण झाडे हिरवी असतील. ज्या एका दृश्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले, तेच पाहायला मिळू नये याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे टाळणे सहज शक्य आहे.

सीमाभागात ही अडचण अधिक जाणवते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळा कर्नाटकाच्या शिक्षण खात्याच्या वेळापत्रकावर चालतात आणि त्यांची सहामाहीनंतरची मोठी सुट्टी दसऱ्याला लागून येते; चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडच्या शाळांना ती दिवाळीत मिळते. भाऊ शहापुरात आणि बहीण चंदगडला असली, तर दोन्ही घरांनी मिळून सहलीला जायचे म्हटले की पहिला प्रश्न सुट्टीचाच येतो आणि त्या गडबडीत झाडांची अवस्था कोणी विचारातच घेत नाही.

त्यातही आपले सण तिथीवर चालतात. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता, २०२३ साली अधिक श्रावणामुळे तो २४ ऑक्टोबरला आला; त्याच दोन वर्षांतले लक्ष्मीपूजन अनुक्रमे २४ ऑक्टोबर आणि १२ नोव्हेंबरला झाले. म्हणजे ‘आम्ही दिवाळीत गेलो तेव्हा चिनार पेटल्यासारखे दिसत होते’ हा शेजाऱ्यांचा अनुभव खरा असला, तरी पुढच्या दिवाळीला तो लागू पडेलच असे नाही. झाडाला तिथी ठाऊक नसते. दिवस आखूड होत जाणे आणि रात्री गार होत जाणे, या दोनच गोष्टी त्याला कळतात. या वर्षी, २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि चिनारासाठी हा काळ अनुकूल म्हणावा असा आहे.

हा रंग येतो कसा, हे थोडे समजून घेतले तर वेळ ठरवणे सोपे जाते. थंडी सुरू होताच झाड पानातले हरितद्रव्य मोडून त्यातील कामाचे घटक परत घेते आणि उन्हाळाभर हिरव्याखाली झाकलेला पिवळा रंग वर येतो. तांबडा रंग मात्र निराळा आहे. तो बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो आणि त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गोठणबिंदूच्या वरच राहणारा गारवा लागतो. सतत ढगाळ हवा असली तर रंग फिका राहतो, एकाएकी कडक हिमतुषार पडले तर पाने थेट करपतात. दरम्यान देठाशी बुचासारखा थर तयार होत असतो, म्हणून ऐन रंगात आलेले झाड वादळी पावसाच्या एका रात्रीत ओकेबोके होऊ शकते. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात काश्मीर खोऱ्यात हंगामाआधी बर्फ पडले आणि सफरचंदाच्या बागांची मोठी हानी झाली. तेव्हा अचूक तारीख कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तरीही अंदाज बांधता येतो आणि त्यात उंचीचा उपयोग सर्वांत जास्त होतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे रंग आधी डोंगरमाथ्यावर येतो आणि मग खाली उतरतो. लडाखमध्ये सुमारे ३,५०० मीटर उंचीवरचे लेह आणि हिमाचलमधील लाहौल येथील पॉप्लर व विलो सप्टेंबरअखेरपासून पिवळे होऊ लागतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सोनेरी दिसतात. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर असल्याने तिथली पाळी नंतर येते. म्हणून ज्यांना दसऱ्याच्या सुट्टीशिवाय निघताच येत नाही, अशा शिक्षक आणि पालकांना माझी विनंती आहे की त्यांनी चिनाराचा हट्ट सोडून लाहौल किंवा लडाख पाहावे. मनालीहून लाहौलला जाणारा अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून रोहतांग खिंड चढावी लागत नाही. उंचीवर मुलांना आणि वडीलधाऱ्यांना विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, तेवढी सवड आणि डॉक्टरांचा सल्ला मात्र घ्यावा. ज्यांची मुले मोठी झाली आहेत किंवा जे निवृत्त आहेत, त्यांनी नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरावा आणि हजरतबलजवळच्या नसीम बागेसाठी एक अख्खी दुपार राखून ठेवावी. तिरप्या उन्हात तिथली पाने जशी दिसतात, तशी ती भर माध्यान्ही दिसत नाहीत.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबरच्या आरंभी जायचे तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच निर्णय घ्यावा लागतो, आणि तेव्हा पुढच्या हवेचा पत्ता नसतो. यावर एकच उपाय आहे: मुक्कामात एक-दोन दिवस मोकळे ठेवायचे आणि एकाच गावात सर्व रात्री न काढता कमी-अधिक उंचीची दोन ठिकाणे निवडायची. एका ठिकाणी पाने गळून गेली असली, तर दुसरीकडे ती मिळण्याची शक्यता राहते.

आता आपल्या भागाविषयी, कारण या पत्राचा खरा हेतू तिथेच आहे. श्रीनगरात उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसात सुमारे साडेचार तासांचे अंतर असते. बेळगावात ते दोन तासांपेक्षाही कमी आहे. इथली झाडे थंडीमुळे नव्हे, तर जमिनीतील ओल आटू लागल्यामुळे पाने गाळतात, म्हणून आपली पानगळ आश्विन-कार्तिकात न येता शिशिरात येते. खानापूरहून गुंजी, लोंढ्याकडे रेल्वेने जाताना माघ-फाल्गुनात हे स्पष्ट दिसते. साग उघडा पडलेला असतो, पळस आणि पांगारा फुललेले असतात, आणि त्यांच्यामध्ये एखाद्या कुसुंबाला अशी लालभडक पालवी फुटलेली असते की लांबून पाहणारा तिला फुलेच समजतो. ही पालवी कोवळी असतानाच लाल असते. थोड्याच दिवसांत ती पोपटी होते आणि मग झाड इतरांत मिसळून जाते, त्यामुळे चिनाराइतकीच, किंबहुना त्याहून काटेकोर वेळ इथे साधावी लागते. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला सदाहरित रान जास्त असल्याने तिथे उघडी झाडे कमी, पण आंबा-जांभळाच्या तांबूस पालवीचे पट्टे दिसतात. दहावी-बारावीच्या परीक्षाही याच दिवसांत असतात, म्हणूनच कदाचित आपल्याकडे कोणी याची सहल आखत नाही. एका रविवारी जाऊन संध्याकाळी परत येता येते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये, आणि वाळक्या पानांचा थर असलेल्या या दिवसांत रानात विडी-सिगारेट किंवा चूल पेटवणे म्हणजे वणव्याला निमंत्रण आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

जपानमध्ये मेपल आणि गिंको केव्हा रंगले याच्या नोंदी हवामान खाते ठेवत आले आहे, आणि उत्तरेकडील होक्काइदोत सप्टेंबरात सुरू होणारा रंग क्योतोला नोव्हेंबरअखेर पोहोचतो, हे तिथला सामान्य माणूसही बातम्यांतून जाणतो. आपल्याकडे अशा नोंदी व्हायला मोठी यंत्रणा लागत नाही. पावसाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी वृत्तपत्रातून रोज कळते आणि ती वाचल्याशिवाय बेळगावकराचा दिवस सुरू होत नाही. तशाच धर्तीवर माघ आणि फाल्गुन हे दोन महिने आठवड्यातून एकदा, चार ओळींत, कुसुंब, पळस, सावर, बहावा ही झाडे खानापूर, जांबोटी, चंदगड आणि दांडेली परिसरात कोणत्या अवस्थेत आहेत हे आपण छापावे, अशी माझी विनंती आहे. त्या-त्या गावचे शिक्षक आणि रोज त्या रस्त्याने जाणारे बसचालक-वाहक ही माहिती सहज कळवू शकतील. काही वर्षांच्या नोंदी साठल्या, तर फुलोरा आणि पालवी लवकर येते की उशिरा, हेही समजेल. तसेच पर्यटन पुरवणीत सहलींची माहिती देताना त्या तारखांना तिथली झाडे कशी असतील, याचे एक वाक्य आयोजकांकडून मागून घ्यावे.

खानापूर ते लोंढा या पट्ट्याची साप्ताहिक नोंद आपल्याकडे पाठवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन. आपण होकार कळवल्यास येत्या माघापासून सुरुवात करता येईल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
टिळकवाडी, बेळगाव