तक्रार: नवीन फाइल सर्व्हरवर फाइलींचे मालकच बदलतायत, 777 (सगळ्यांना सगळे हक्क) मारून विषय मिटवू नका

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

नमस्कार साहेब,

तुमच्याकडून आमच्या पणजी ऑफिससाठी आणि मडगाव ब्रँचसाठी जे दोन लिनक्स फाइल सर्व्हर घेतले त्यांच्याबद्दल ही लेखी तक्रार आहे. फोन केला की दरवेळी नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि संध्याकाळी "परमिशन इश्यू सॉल्व्ह्ड" म्हणून तिकीट बंद. इश्यू परमिशनचा नाहीच आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते, सांबा (लिनक्स सर्व्हरवरच्या फाइली विंडोजला देणारं सॉफ्टवेअर) आणि विनबाइंड (त्यातला युजरची ओळख जुळवणारा भाग) ज्याला नीट कळतं अशाच माणसाकडे हे पत्र द्या ही विनंती.

आमचं सीएचं ऑफिस. चवथ संपली की 30 सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटची धावपळ, मध्येच 20 तारखेचं जीएसटी, हे तुम्हाला ऑर्डर देतानाच सांगितलं होतं, म्हणून तर चवथीच्या सुट्टीत सर्व्हर बदलायचं ठरलं. सुट्टीनंतर स्टाफ कामावर आला आणि कुणालाच स्वतःची फाइल सेव्ह होईना. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ओनर बघितला तर माणसाच्या नावाच्या जागी "युनिक्स युजर" आणि पुढे 11118 असा आकडा. तुमचा इंजिनियर आला, पूर्ण शेअरवर 777 मारलं, "बघा आता होतंय सेव्ह" म्हणाला आणि गेला.

हो, सेव्ह व्हायला लागलं. पण त्याचबरोबर कालच जॉइन झालेला आर्टिकल (सीएचा शिकाऊ)सुद्धा कळंगुटच्या हॉटेलवाल्या क्लायंटची पगाराची शीट उघडू शकतो, पार्टनर सरांचं फोल्डर उघडू शकतो, डिलीटसुद्धा करू शकतो. क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं तिथेच आहे साहेब. क्लायंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर गेली तर चार्टर्ड अकाउंटंट्स ॲक्ट 1949 प्रमाणे ते सीएचं गैरवर्तन धरतात, जबाबदारी आमच्या सरांवर येते, तुमच्या इंजिनियरवर नाही. लोक आपले हिशोब विश्वासाने आमच्याकडे देतात आणि ते असे उघड्यावर पडलेत हे बघून मला खरंच झोप लागत नाही.

आता मूळ कारण. विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसचे सगळे लॉगिन जिथे एकत्र असतात तिथे, माणसाची ओळख म्हणजे त्याचा एसआयडी, एस-1-5-21 ने सुरू होणारा तो लांबलचक नंबर, त्याचा शेवटचा तुकडा म्हणजे आरआयडी. लिनक्सला हा एसआयडी चालत नाही, त्याला साधा यूआयडी (युजरचा नंबर) लागतो आणि डिस्कवर फाइलचा मालक म्हणून हा यूआयडीच लिहिलेला असतो, नाव कुठेच नसतं. कुठल्या एसआयडीला कुठला यूआयडी हे विनबाइंड ठरवतो, आणि ते कसं ठरवायचं हे एसएमबी डॉट कॉन्फ या सांबाच्या सेटिंग फाइलमधल्या आयडीमॅपच्या ओळी सांगतात. आमच्या जुन्या सर्व्हरवर डोमेनला रिड बॅकएंड (नंबर ठरवायची पद्धत) होता, रेंज 10000 ते 999999, म्हणजे सरळ हिशोब, 10000 मध्ये आरआयडी मिळवायचा, आरआयडी 1118 असेल तर यूआयडी 11118. कुठल्याही सर्व्हरवर हेच सेटिंग ठेवा, त्या माणसाला तोच नंबर मिळणार.

तुम्ही नवीन दोन्ही सर्व्हरवर डोमेनची वेगळी ओळच टाकली नाही, सगळं डिफॉल्टच्या टीडीबी या दुसऱ्या बॅकएंडवर सोडून दिलं. मी स्वतः टेस्टपार्म (सेटिंग तपासायची कमांड) चालवून बघितलंय. टीडीबीमध्ये हिशोब वगैरे काही नसतो, जो आधी येईल त्याला पुढचा रिकामा नंबर, 10000, 10001 असं, आणि ती यादी फक्त त्या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते. पणजीत जो 10004 आहे तो आर्टिकल आहे, मडगावला 10004 म्हणजे आमच्या पार्टनर मॅडम, कारण तिथे लोक वेगळ्या क्रमाने लॉगिन झाले! आणि रात्रीचं आरसिंक (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कॉपी) तुम्हीच न्यूमेरिक आयडीवर लावलंय, म्हणजे मालकाचा नंबर जसाच्या तसा जातो, त्यामुळे पणजीची फाइल मडगावला पोचली की तिचा मालकच बदलतो. हे कितीही वेळा चमॉड केलं (परमिशन बदलल्या) तरी कसं सुटणार?

त्यात नंतर पणजीच्या सर्व्हरवर सांबा काढून परत टाकलं आणि आधीचा विनबाइंडचा डेटाबेस उडवला, बॅकअपसुद्धा नाही. नंबर परत पहिल्यापासून वाटले गेले, म्हणजे रिइन्स्टॉलच्या आधीचा 10004 वेगळा आणि नंतरचा 10004 वेगळा. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण हे विचारून केलं असतं तर मी थांबवलं असतं.

आता काय करायचं ते सांगते. दोन्ही सर्व्हरवर काही बदलायच्या आधी नेट आयडीमॅप डंप, म्हणजे कुणाला कुठला नंबर याची यादी, काढून ठेवा. मग डोमेनला रिड बॅकएंड, जुनीच रेंज, दोन्हीकडे अक्षरशः सारखी, आणि डिफॉल्ट टीडीबीला वेगळी रेंज, 3000 ते 7999, दोन्ही एकमेकांवर येता कामा नयेत. नेट कॅश फ्लश, विनबाइंड रिस्टार्ट, डब्ल्यूबीइन्फो आणि आयडी कमांडने दोन्हीकडे एकच यूआयडी येतोय हे मला दाखवा. एवढं झालं की जुन्या फाइली आपोआप जागेवर येतील, डिस्कवर त्यांचे नंबर अजून बरोबर आहेत. आमच्या स्टाफचे खरे नंबर 11000 च्या वरचे, टीडीबीने वाटलेले 10000 च्या आसपासचे, म्हणून चुकीच्या फाइली फाइंडने वेगळ्या काढता येतात, त्या डंप बघून चाऊन करा, म्हणजे खरा मालक लावा. रिइन्स्टॉलच्या आधीच्या फाइलींना डंप चालणार नाही, त्या तुमच्या व्हिजिट रिपोर्टवरच्या तारखेने वेगळ्या करा, एकेका फाइलचा मालक मी तुमच्या माणसाबरोबर बसून ओळखते, अंदाजाने चाऊन अजिबात नको. एसीएलमध्येपण (फाइलीवरची जास्तीच्या हक्कांची यादी) हेच नंबर बसलेले असतात, गेटफॅकल कमांड लावून तेही तपासा. रात्रीचं आरसिंक हे सगळं होईपर्यंत बंद. आणि शेवटी 777 काढून जुन्या सर्व्हरसारखे ग्रुपचे हक्क परत लावा, जुना कॉन्फ बॅकअपमध्ये आहे, मी देते.

काम शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी करा, स्टाफ नसताना, ऑफिस उघडायला मी येईन. शिकाऊ मुलगा पाठवू नका. काय बदललं ते लेखी द्या, दोन्ही सर्व्हरच्या कॉन्फच्या कॉपीसकट. हे होईपर्यंत एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) पुढचा हप्ता सरांनी थांबवून ठेवलाय, आणि पहिल्यांदा 777 मारल्यापासून कुणी कुठली फाइल उघडली याचा लॉग तुमच्याकडे असेल तर तोही या आठवड्यात पाहिजे, क्लायंटना उत्तर द्यायला लागणार आहे.

आपली,
कॉम्प्युटर विभाग, पणजी ऑफिस
(पार्टनर सरांच्या संमतीने)