साध्या वेशातल्या पोलिसाने आधी ओळख सांगावी

मा. संपादक, नमस्कार.

पोलिसांनी सिव्हिल ड्रेसमध्ये फिरूच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, गर्दीत पाकीटमार धरायचा तर खाकी घालून कोण जाणार, तो लांबूनच पसार होईल. डीबी (पोलीस ठाण्याचं गुन्हे प्रकटीकरण पथक), क्राईम ब्रँचवाल्यांचं बरंचसं काम असंच चालतं. पण नजर ठेवणं वेगळं आणि तुमचा दंड धरून गाडीत बस म्हणणं वेगळं.

तोतया पोलिसांचा धंदा नेमका इथेच चालतो. पुढे चेकिंग चालू आहे आजी, दागिने काढून रुमालात बांधा, असं सांगत दोघं येतात, कसलंतरी कार्ड सेकंदभर नाचवतात आणि घरी येऊन पुडी सोडली तर आत खडे. लोक फसतात कारण काही खरे पोलीसही कार्ड तसंच दाखवतात, आणि नाव विचारलं तर वर "जास्त शहाणपणा नको". वर्दी नाही म्हणजे नेमप्लेट नाही, बक्कल नंबर नाही, मग तक्रार करायची तरी कुणाची?

पोलीस कोठडीतल्या मृत्यूंवरच्या डी. के. बसू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९६ लाच सांगितलंय की अटक करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. नाव दिसण्याची अट आता सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही आहे, वर अटकेच्या कागदावर घरच्या नाहीतर त्या भागातल्या एका साक्षीदाराची सही लागते. साधं लायसन्स मागायचं तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० मध्ये "गणवेशातला" पोलीस असं लिहिलंय, हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

आणि यात पोलिसांचाही फायदा आहे हो. आयपीसीच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे समोरचा सरकारी नोकर आहे हे माहीत नसेल, तसं वाटायला कारणही नसेल, तर त्याच्यापासून स्वतःचा बचाव करायचा हक्क जात नाही. म्हणजे न सांगता कॉलर धरायची, माणसाने घाबरून ढकललं की सरकारी कामात अडथळा म्हणून गुन्हा टाकायचा, हे कोर्टात टिकणं अवघडच.

तर मागणी एवढीच की कार्ड वाचता येईल इतका वेळ समोर धरा, पोलीस ठाणं सांगा, उचलायला जाताना पथकात एक तरी वर्दीतला असू द्या. आणि ११२ ला फोन केला तर तिथे आपलं पथक आहे की नाही एवढं तरी कंट्रोल रूमने सांगावं, केस कुठली ते नाही सांगितलं तरी चालेल.

एक वाचक