आप्पा, तुमच्या रुमालाबद्दल

आप्पा, नमस्कार.

"मनं नाव कोठे लिखू नको भाऊ," असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. चोपडा गावात तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला पाटीही नाही. तरी कोणी शोधत आलंच, तर मला बोल लावू नका.

ती फ्रेम मला भुसावळला भंगारात मिळाली, किलोच्या भावाने, एका मोडक्या खाटेखाली. पुढचा बिल्ला गायब, पण सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चं, म्हणजे शर्यतीच्या सायकलींच्या नामांकित इंग्लिश पोलादी नळीचं, अर्धं स्टिकर शाबूत होतं. ही नळी १९३५ मध्ये आली. टोकांना जाड, मधे पातळ, इतकी की मधल्या भागाची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. शर्यतीच्या जुन्या सायकलींच्या नादी लागलेल्या माणसाला असं स्टिकर दिसलं की त्याला घासाघीस सुचत नाही. पण मला तिथंच बसवलं ते आडव्या नळीवरच्या तीन अक्षरांनी. पिवळ्या रंगात, कोणा पेंटरच्या हातची: भा. ल. पा. हा माणूस शर्यतीत पळाला, की नुसता ड्यूटीला जायचा, देव जाणे. आपल्याकडे 'पा.' म्हणजे पाटील धरायचं, एवढंच.

उजव्या बाजूचा बीबी कप, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो ती आटेदार वाटी, गंजून बसला होता. तुमच्याकडे यायच्या आधी मी तीन दारं पुजली. पहिल्या चकचकीत दुकानात पोराने फ्रेमकडे न बघताच नव्या सायकलीचे हप्ते सांगितले. दुसऱ्याने कपाच्या कडेला छन्नी लावून हातोडा घातला, तोही आवळायच्या दिशेला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. इंग्लिश फ्रेमला बीबीच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, हे मात्र वीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला ठाऊक नसावं! वर "हे पिवळं घासून मस्त मेटॅलिक मारून देतो" अशी ऑफर. तिसरा तर संग्राहक म्हणवणारा. त्याने आगाऊ पैसे घेतले आणि इटालियन मापाचा कप पाठवला, ३६ मिलिमीटरचा. माझ्या फ्रेमचं तोंड पस्तीसलाही किंचित कमी. फोन केला तर म्हणे, "थोडा दाबून बसवा." चार वेळा फोन केला, पाचव्यांदा उचलला नाही. जाऊ द्या.

तुम्ही काय केलंत? आधी पाणी दिलंत. एप्रिलचं ऊन, तापी ओलांडून मोटारसायकलवर फ्रेम बांधून आलेला माणूस, म्हणून असेल. मग छन्नीच्या खुणेवरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "कोन्ही मारं हाई?" मला उगाचच शरमल्यासारखं झालं. डावा कप काढून पट्टीला लावून आटे मोजलेत, इंचाला २४. उजव्याला तेल पाजलंत आणि मला परत पाठवलंत. "दोन दिन थांब. लोखंडले बी येळ लागस."

तिसऱ्या दिवशी मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. तुम्हाला वाटलं मी अजून यायचाय. तुम्ही कप व्हाइसमध्ये धरलात, फ्रेम वर आडवी. आता कप नाही, फ्रेमच फिरवायची, जात्यासारखी. हात लावलात आणि थांबलात. दोन्ही पंजे ग्रीसने काळे. खांद्यावरचा पांढरा रुमाल काढलात, त्या तीन अक्षरांवर दोनदा गुंडाळलात, गाठ मारलीत, आणि मग जोर लावलात. कट्‌ असा आवाज मला रस्त्यापलीकडे ऐकू आला.

कप निघाला, आनंद झालाच. पण आप्पा, मी त्या अक्षरांबद्दल तुम्हाला एका शब्दानं बोललो नव्हतो. सांगायची लाज वाटत होती. कोणा अनोळखी माणसाच्या नावासाठी एवढा जीव टाकतो म्हणून घरचेही हसतात. तुम्ही न विचारता ते नाव झाकलंत. तो काळा झालेला रुमाल झटकून पुन्हा खांद्यावर टाकलात, आणि मी आलो तेव्हा त्याबद्दल चकार शब्द नाही. साठ रुपये सांगितलेत. मी शंभराची नोट पुढे केली तर चाळीस मोजून परत, वर पुडीत पाव इंची छर्रे, एका बाजूचे ११, दुसऱ्या बाजूचे ११. "जुना लावू नको."

हुशार मिस्त्री पुष्कळ भेटतील. दुसऱ्याच्या वस्तूत दुसऱ्याचं काय अडकलंय हे ओळखणारा माणूस मला तरी कमीच भेटलाय. आमच्याकडे पूर्वी केळी भरायला आलेले मजूर घडाला डाग नको म्हणून स्वतःचा पंचा खाली अंथरायचे. तुम्हाला बघून ते आठवले.

पायडलचे दांडे आसाला पक्के धरणाऱ्या कॉटर पिना अजून मिळायच्यात. नऊच्या नको, साडेनऊ मिलिमीटरच्याच हव्यात. तोवर फ्रेम भिंतीला टांगली आहे, अक्षरं जशीच्या तशी.

सोबत जळगावच्या बाजारातून घेतलेले दोन रुमाल पाठवतोय. एक खांद्यावर घ्यायला, एक कामाला. तुम्ही कामाला चांगलाच वापराल, ते मला माहीत आहे.

तुमचा,
छन्नीच्या खुणेवाला